यहुदी परंपरेतील जन्मतिथी

यहुद्यांच्या तोरा ग्रंथात, म्हणजे मोशेच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाच पुस्तकांत, वाढदिवसाच्या उत्सवाचा स्पष्ट उल्लेख एकदाच येतो, आणि तोही कोणा यहुदी कुलपतीच्या नव्हे, तर मिसरच्या फारोच्या वाढदिवसाचा. उत्पत्तीच्या चाळिसाव्या अध्यायातील त्या दिवशी फारोने आपल्या सर्व चाकरांना मेजवानी दिली, कैदेत पडलेल्या प्यालेबरदाराला त्याच्या हुद्द्यावर बहाल केले आणि आचाऱ्यांच्या नायकाला फासावर चढविले. स्वतःच्या जन्माचा सोहळा करता करता दुसऱ्याच्या जीविताचा निकाल लहरीने लावणाऱ्या अशा दरबारी दिवसाकडे शास्त्रकारांनी दीर्घकाळ संशयाने पाहिले, यात नवल ते काय? इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमसंग्रहात मूर्तिपूजकांच्या सणांची जी यादी आहे, तीत जन्मदिवसही समाविष्ट आहे. आणि पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस मोठ्या अभिमानाने नमूद करतो की, अपत्यजन्माच्या निमित्ताने मेजवान्या करून मद्यपानाला वाट करून देण्यास आमचा कायदा मुभा देत नाही.

तथापि परधर्मीयांविषयीचा दुरावा हे या संशयाचे वरवरचे कारण होय. खरे कारण जीविताविषयीच्या त्यांच्या विचारात आहे. एका जुन्या दृष्टान्तात बंदरातून निघणारे एक गलबत आणि बंदरात शिरणारे दुसरे गलबत यांची तुलना आहे: लोक निघणाऱ्याचा जयघोष करतात, परंतु कोणती वादळे त्याच्या वाट्याला येणार आहेत हे कोणासच ठाऊक नसते, म्हणून आनंद करावयाचा तो सुखरूप परतलेल्या गलबताचा करावा. याच न्यायाने यहुदी घरांत जन्मतिथीपेक्षा पुण्यतिथी अधिक निष्ठेने पाळली गेली, आणि त्या दिवशी दिवा लावण्याचा प्रघात आजही चालू आहे.

या विचाराची परमावधी मिश्नेवरील चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमुदातील एका वादात दिसते. मनुष्य निर्माण झाला हे बरे झाले की न होता तर अधिक बरे झाले असते, या प्रश्नावर हिल्लेल आणि शम्माय या दोन प्राचीन आचार्यांच्या शिष्यपरंपरांत अडीच वर्षे वाद चालला. अखेर बहुमताने ठरले की, न होता तर अधिक बरे, परंतु ज्या अर्थी तो झाला आहे त्या अर्थी त्याने आपल्या आचरणाची झडती घ्यावी. हा निर्णय मला निराशेचा वाटत नाही. जन्म हे स्वतः मिळविलेले यश नव्हे, तर न मागता अंगावर आलेली जबाबदारी आहे, असे एकदा मानले की जन्मतिथीचे प्रयोजनच बदलते, आणि उत्सवाच्या दिवसाचा आत्मपरीक्षणाचा दिवस होतो.

तालमुदातच त्याचा एक हृद्य दाखला आहे. बाबिलोनियातील पुम्बेदिताच्या विद्यापीठाचे अंध आचार्य योसेफ यांनी वयाची साठ वर्षे पूर्ण होताच विद्वानांना भोजन घातले. कारण अकाली मृत्यूचा जो दैवी दंड साठीच्या आत येतो असे मानले जाई, त्याच्या मुदतीतून ते पार पडले होते. त्यांचे शिष्य अबये यांनी शंका काढली की, वर्षांचा धोका टळला तरी अकस्मात मृत्यूचा कोठे टळला आहे? आचार्यांनी उत्तर दिले की, निदान अर्धे तरी हाती आले. खुद्द मोशे हा अदार महिन्याच्या सप्तमीस जन्मला आणि एकशे वीस वर्षांनी त्याच तिथीस निवर्तला, अशी परंपरा आहे. तीवरून तालमुद सांगते की, सज्जनांची वर्षे ईश्वर दिवसादिवसाने पूर्ण करतो. यहुदी लोक एकमेकांना एकशे वीस वर्षांचे आयुष्य चिंततात, ते याच वयाला अनुसरून.

येथे तिथीचा प्रश्न येतो, आणि तो मराठी वाचकास परका वाटणार नाही. यहुदी पंचांगही चांद्र-सौर असून एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक मास घेते. फरक एवढाच की, आपल्याप्रमाणे निरनिराळे महिने अधिक न होता त्यांचा अदारच दुणावतो. मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माज्ञांचे पालन त्याच्यावर बंधनकारक होते, आणि आता याच्या कृत्यांचा भार माझ्यावरून उतरला, अशा अर्थाचे वचन पिता उच्चारतो. म्हणून तिथीचा हिशेब काटेकोर लागतो. अधिक वर्षात एक मुलगा पहिल्या अदारच्या एकोणतीस तारखेस जन्मला आणि दुसरा मधला एक दिवस सोडून, दुसऱ्या अदारच्या एक तारखेस, तर तेरावे वर्ष साध्या अदारचे असल्यास धाकटा महिन्याच्या आरंभीच सज्ञान होतो, आणि थोरल्याला महिनाअखेरपर्यंत थांबावे लागते! सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेल्या शुल्हान आरूख या धर्मसंहितेत ही तजवीज स्पष्ट केलेली आहे.

प्रतिवर्षी जन्मतिथी पाळण्यास मान्यता मात्र बरीच उशिरा मिळत गेली. मुंबईचे बगदादी यहुदी ज्यांचा शब्द प्रमाण मानीत, ते बगदादचे रब्बी योसेफ हय्यिम (1835–1909) लिहितात की, काही लोक हा दिवस सणाप्रमाणे पाळतात, ते शुभलक्षण आहे, आणि आमच्या घरीही तशीच चाल आहे. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील लुबाविच पंथाचे आचार्य मेनाहेम मेंडेल श्नेयर्सन यांनी 1988 साली, पत्नीच्या निधनानंतर काही आठवड्यांनी आलेल्या तिच्या जन्मतिथीस, स्त्री-पुरुष-बालके सर्वांनी आपला वाढदिवस पाळावा असे आवाहन केले. वियोगाच्या ताज्या दुःखात त्यांना जन्माची तिथी साजरी करावीशी वाटली, हे मला फार मोलाचे वाटते. प्रार्थनेपूर्वी दानधर्म, एकांतात गतवर्षाचे स्मरण, जे दुरुस्त करण्याजोगे असेल त्याचा पश्चात्ताप, एखाद्या नव्या सत्कृत्याचा संकल्प आणि आप्तेष्टांसह आनंदाची बैठक, असा त्यांनी सांगितलेला क्रम आहे. शिवाय वयाच्या पूर्ण वर्षांत एक मिळवून बायबलच्या स्तोत्रसंहितेतील त्या क्रमांकाचे स्तोत्र वर्षभर दररोज म्हणण्याची चाल आहे: तेरा वर्षांचा मुलगा चौदावे स्तोत्र घेतो, आणि सत्तरी पूर्ण केलेल्याच्या वाट्याला एकाहत्तरावे येते, ज्यात एक वृद्ध, शक्ती क्षीण होत असता मला टाकू नकोस, अशी ईश्वराची विनवणी करतो.