काच शाबूत, म्हणून लेन्स शाबूत?

हिवाळ्यात चंदीगडच्या सुखना तलावावर स्थलांतरित पक्षी उतरतात आणि मोठमोठ्या टेलिफोटो लेन्स घेऊन छायाचित्रकार काठावर जमतात. अशा गडबडीत लेन्स हातातून निसटली की प्रत्येक जण आधी पुढची काच बघतो. तडा नाही, म्हणजे वाचलो! हाच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज.

लेन्समध्ये अनेक भिंगं एकाच अक्षावर बसवलेली असतात. पडल्याच्या धक्क्याने त्यातलं एखादं केसभर कललं तरी फोटोचा एखादा कोपरा पुसट येऊ लागतो. या दोषाला डिसेंटरिंग म्हणतात. लेन्स हातात घेऊन तो दिसत नाही, पण तपासता मात्र घरच्या घरी येतो. चंदीगडच्या जुन्या सरकारी घरांच्या गिलावा नसलेल्या विटांच्या भिंती त्यासाठी उत्तम. कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर लावा, ॲपर्चर पूर्ण उघडा, फोटो काढा आणि मोठा करून चारही कोपरे ताडून पाहा. कॅमेरा पुन्हा नव्याने लावूनही तोच कोपरा पुसट आला, तर दोष लेन्सचाच समजा.

पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्याला मात्र लोक उगाच घाबरतात. तो फोटोत सहसा उमटतच नाही. समोरून ऊन आलं तर थोडी चमक पसरते, एवढंच. मागच्या, सेन्सरकडच्या काचेवरचा ओरखडा जास्त नडतो.

‘फिल्टर फुटला, म्हणून लेन्स वाचली’ हेही खात्रीने म्हणता येत नाही. फिल्टरची काच पातळ असते. लेन्सला काहीही झालं नसतं अशा धक्क्यानेही ती फुटते, आणि तिच्या तुकड्यांनी पुढची काच खरवडली जाऊ शकते. त्यापेक्षा हूड धक्का चांगला झेलतो. चेपलेली फिल्टर-रिंग पकडीने ओढू नका, कारागिराकडे न्या.

हलवल्यावर आतून खडखड आली की लेन्स मोडलीच, असंही नाही. स्टॅबिलायझेशन असलेल्या काही लेन्स बंद असताना मुळातच तसा आवाज करतात. पडण्याआधी तो नव्हता, तर मात्र काळजी करा.

वाकलेलं माउंट बदलता येतं. भिंगं पुन्हा अक्षावर आणणं हे मात्र यंत्रावर मोजून करायचं काम आहे. ‘तेजस’ विमानाचा हेड-अप डिस्प्ले विकसित करणारी सीएसआयओ ही संस्था याच शहरात आहे. अशा प्रकाशीय उपकरणांतही सगळी मदार या अचूक जुळणीवरच असते. घरी स्क्रू उघडून ती साधत नाही.

आणि वॉरंटी? ती उत्पादनातल्या दोषांसाठी असते. पडून झालेल्या नुकसानासाठी विमा वेगळा घ्यावा लागतो.