दौरा एकाचा, शहर दुसऱ्याचे

जोडीदाराच्या कामाच्या दौऱ्याला जोडून केलेला परदेशप्रवास हा सहलीचा एक निराळाच प्रकार आहे. कुठे जायचे, कोणत्या महिन्यात जायचे, किती दिवस राहायचे यातले काहीच सोबत जाणाऱ्याच्या हाती नसते. ते सगळे दुसऱ्याच्या कंपनीने ठरवलेले असते. हाती येतो तो फक्त दिवस, म्हणजे सकाळी जोडीदार कामाला बाहेर पडल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंतचा वेळ. हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्या आणि पिंपरी-चाकणचा वाहनउद्योग यांच्यामुळे पुण्यातल्या कितीतरी घरांना हा प्रवास आता ओळखीचा झाला आहे. बहुतेक वेळा सोबत बायको जाते. पण दौरा बायकोचा आणि सोबतीला नवरा, असेही आता दिसते.

मराठीत या प्रवासाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘अपूर्वाई’. आकाशवाणीत असताना पु. ल. देशपांडे १९५८ मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीत गेले आणि सुनीताबाई त्यांच्यासोबत गेल्या. पुस्तक मात्र कामाला गेलेल्याने लिहिले. सोबत गेलेलीने पाहिलेले लंडन तेच असेल असे नाही, आणि मराठी प्रवासवर्णनांत ही दुसरी बाजू फार थोडी आली आहे.

प्रवास परवडतो तो राहण्याचा खर्च वाचतो म्हणून. हॉटेलची खोली कंपनीच्या खात्यावर असते आणि दोघांच्या खोलीचे भाडे युरोपात एकाच्या खोलीपेक्षा फार जास्त नसते. जपानमध्ये मात्र अनेक हॉटेले माणशी दर लावतात, त्यामुळे आधी विचारलेले बरे. दैनिक भत्ता कर्मचाऱ्यालाच मिळतो. विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि जेवण हा जोडीदाराचा खर्च घरचा. एखाद्या कंपनीने तोही उचललाच, तर ती रक्कम कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरून तिच्यावर कर लागतो.

व्हिसा दोघांचा वेगळा. कामाला जाणारा व्यावसायिक व्हिसासाठी अर्ज करतो, सोबत जाणारा पर्यटक म्हणून. शेंगेन देशांत या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण दाखवावे लागते. अमेरिकेत काम आणि पर्यटन या दोन्हींसाठी बहुधा एकच बी-१/बी-२ व्हिसा मिळतो. पर्यटक व्हिसावर त्या देशात नोकरी करता येत नाही. हॉटेलात बसून लॅपटॉपवर पुण्यातल्या कंपनीचे काम करण्याबाबत देशागणिक नियम वेगळे आहेत, त्यामुळे स्वतःची नोकरी असलेल्याने रजा टाकूनच जाणे सोयीचे.

घोडे अडते ते बहुधा विवाह प्रमाणपत्रापाशी. लग्नाचा अल्बम कपाटात, पत्रिका फायलीत, पण नोंदणी केलेलीच नाही, हे अनेक जोडप्यांना अशा वेळी आठवते. मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात धावपळ सुरू होते. पासपोर्टवर माहेरचे नाव आणि प्रमाणपत्रावर सासरचे असेल, तर ती तफावत आधीच निस्तरावी लागते. कंपनीचा दौरा पंधरा दिवसांवर येऊन ठरतो. जोडीदाराची कागदपत्रे त्याआधीपासून तयार असतील तरच सोबत जमते.

कामाची शहरे सहसा सहल कंपन्यांच्या यादीत नसतात. पॅरिस, रोमऐवजी वाट्याला स्टुटगार्ट, ब्रेमेन, डेट्रॉइट, नागोया अशी नावे येतात. ऐकून हिरमोड होतो, पण खरे तर हा फायदाच आहे. अशा शहरात गर्दी कमी असते, आणि मुक्काम लांबला की बसचे नंबर नि भाजीची दुकाने पाठ होतात. दहा दिवसांत पाच देश पाहिलेल्याला हे मिळत नाही.

स्टुटगार्टचेच पाहा. मर्सिडीज-बेंझचे मुख्यालय तिथले. या कंपनीचा भारतातला कारखाना आधी पिंपरीत होता, आता चाकणला आहे. कंपनीचे २००६ मध्ये उघडलेले संग्रहालय वरून खाली उतरत पाहायचे असते. लिफ्टने सर्वांत वरच्या मजल्यावर गेले की समोर मोटार नसते, घोडा असतो. तिथून वळणावळणाच्या उतारावरून १८८६ च्या तीनचाकी गाडीपासून आजपर्यंत खाली यायचे. मोटारींत रस नसलेल्यालाही हा उतार रमवतो. सोमवारी मात्र हे संग्रहालय बंद असते, आणि युरोपातली बरीच संग्रहालये सोमवारीच बंद असतात. धुणे, वाणसामान ही कामे त्या दिवशी उरकावीत. रविवारवर ढकलू नयेत, कारण जर्मनीत रविवारी दुकाने बंद.

याच भागात नवऱ्याच्या कामातून निघालेल्या एका बायकोच्या प्रवासाची खूण आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली गाडी मानहाइमहून माहेरी, फोर्ट्सहाइमला घेऊन गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपत आले तेव्हा विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रावण विकत घेऊन तिने टाकी भरली. तुंबलेली नळी हॅटच्या पिनेने साफ केल्याचे सांगतात. ते औषधाचे दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून दाखवले जाते. स्टुटगार्टहून फोर्ट्सहाइम रेल्वेने तासाभराच्या आत येते. कार्ल बेंझचे नाव घरोघरी गेले. पण ही गाडी लांब पल्ला मारू शकते, हे लोकांना बेर्थामुळे दिसले.

अशा दिवसभराच्या फेऱ्यांना जर्मनीतली प्रांतिक तिकिटे फार उपयोगी. एका दिवसात प्रांतभर कितीही फिरा, पण कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर आणि साध्या गाड्यांतून. वेगवान आयसीई गाड्यांत ती चालत नाहीत. जोडीदाराची गाडी निघून गेल्यावर नाश्ता करून बाहेर पडणाऱ्याला ही नऊची अट जाचत नाही. ट्यूबिंगेन, लुडविग्सबुर्गचा राजवाडा, हायडेलबर्ग हे सगळे रात्रीच्या जेवणापर्यंत परत येता येईल अशा टप्प्यात आहे. डिसेंबरात मात्र साडेचार वाजताच अंधार पडतो, तेव्हा लांबचा बेत टाळावा.

ब्रेमेन पुणेकरांना निदान नावाने ठाऊक असते. या दोन शहरांचे मैत्रीचे नाते असून औंधकडे जाताना ब्रेमेन चौक लागतो. तिथल्या टाउन हॉलशेजारी गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकावर एक उभे असलेला गेरहार्ड मार्क्स यांचा ब्राँझचा पुतळा आहे. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची. एकाच हाताने धरले, तर एक गाढव दुसऱ्या गाढवाशी हस्तांदोलन करते आहे असे स्थानिक लोक म्हणतात! हजारो हातांनी ते पाय चकचकीत झाले आहेत.

नागोयाला गेलेल्यांनी टोयोटाचे उद्योग संग्रहालय पाहावे. या घराण्याची सुरुवात मोटारींतून नव्हे, यंत्रमागांतून झाली, हे तिथे चालत्या मागांसमोर कळते. तिथून बुलेट ट्रेनने दोनेक तासांवर ओकायामा आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनवरून बेतले, ते मूळ उद्यान तिथे आहे.

खाण्याच्या बाबतीत खोलीतली विजेची किटली ही मोठी सोय. पोहे-उपम्याची तयार पाकिटे तिच्यावर निभावतात. मात्र युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरच्या तुपाची बरणी विमानतळावरच जप्त होऊ शकते. ताज्या फळांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो, म्हणून हापूसची पेटीही घरीच ठेवावी.

अवघड जाते ते एकटेपण. पहिले तीन-चार दिवस उत्साहात जातात. मग दिवसभर बोलायला कोणी नाही, हे जाणवते. जोडीदार थकून येतो, कधी सहकाऱ्यांबरोबर जेवूनच येतो. मराठी मंडळांचा अशा वेळी आधार होतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून चालू आहे. शनिवारी पारडे फिरते. शहर ज्याला माहीत झाले आहे तो वाटाड्या होतो आणि आठवडाभर कारखाना किंवा मीटिंगची खोलीच पाहिलेला जोडीदार मागून चालतो.

काम संपल्यावर तीन-चार दिवस रजा जोडून दोघांनी फिरायचे असेल, तर परतीचे तिकीट काढण्यापूर्वीच कंपनीची लेखी परवानगी घ्यावी लागते. व्हिसाच्या तारखांत ते दिवस बसले पाहिजेत. कंपनीचा प्रवासविमा अनेकदा कामाच्या दिवसांपुरताच असतो. तसा असेल, तर रजेच्या दिवसांसाठी कामाला गेलेल्यानेही स्वतःच्या पैशाने वेगळा विमा घ्यावा.