कालकाजीची भिंत, सिंधुदुर्गाची परीक्षा

नव्वदच्या दशकात पोराची दहावी-बारावी झाली की पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न असे, ‘कॉम्प्युटरचा क्लास लावला का?’ क्लास लावायचा म्हणजे फी भरायची, चपला दाराबाहेर काढून एसी खोलीत शिरायचं आणि सर सांगतील तेवढंच बटण दाबायचं. या धंद्यातलं देशभर गाजलेलं नाव म्हणजे एनआयआयटी. राजेंद्र पवार आणि विजय थडानी यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली ही कंपनी फ्रँचायझीच्या जोरावर गावोगावच्या बाजारपेठेत पोचली होती. शिकवणी हाच तिचा माल. शिकवणीवाचूनही मुलं कॉम्प्युटर शिकतात, हे मात्र उघडकीला आलं ते तिच्याच ऑफिसच्या भिंतीत!

दिल्लीतल्या कालकाजी भागात हे ऑफिस होतं. कंपाउंडच्या आत संगणक, पलीकडे झोपडपट्टीतली मुलं. सुगता मित्रा हे कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख, मूळचे भौतिकशास्त्राचे. २६ जानेवारी १९९९ रोजी त्यांनी भिंतीला भोक पाडलं आणि पलीकडून दिसेल असा इंटरनेट जोडलेला संगणक त्यात बसवला. सूचना नाही, पाटी नाही, सर नाहीत. मुलांनी विचारलं तर उत्तरही द्यायचं नाही.

काही तासांतच मुलं एकमेकांना दाखवत वेबसाइट उघडू लागली. कर्सर हा शब्द त्यांच्या कानावरूनही गेलेला नव्हता. त्यांनी त्याला ‘सुई’ म्हटलं. संगणक विचारात पडला की दिसणारं वाळूचं घड्याळ म्हणजे त्यांच्या लेखी शंकराचा ‘डमरू’. काम अडलं नाही.

शंका आली ती अगदी रास्त होती. दिल्लीसारखं शहर, रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या पोरानं माउस कसा चालवायचा ते दाखवलं नसेल कशावरून? म्हणून मध्य प्रदेशातल्या शिवपुरीत तोच प्रयोग झाला. पुढे उत्तर प्रदेशातलं मदनतुसी गाठलं. तिथे इंग्रजी जाणणारं कोणी नव्हतं, इंटरनेटही नव्हतं. मित्रा संगणक आणि थोड्या सीडी ठेवून निघून आले. काही महिन्यांनी परतले तेव्हा मुलांनी जास्त वेगाचा प्रोसेसर आणि बरा माउस मागितला. तुमचं यंत्र इंग्रजीतच बोलतं, म्हणून आम्हाला इंग्रजी शिकावं लागलं, ही तक्रार वर.

गोष्ट ऐकायला झकास आहे. पण आपल्याकडचा पालक एवढ्यावर भुलत नाही. खेळली पोरं, ठीक आहे. मार्क किती पडले?

त्याचं उत्तर मिळालं सिंधुदुर्गात. जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाबरोबर एनआयआयटीनं २००१ मध्ये ‘होल इन द वॉल’ नावाची वेगळी कंपनी काढली आणि प्रयोगाचा पसारा वाढू लागला. कोकणच्या गावांत भिंतीला भोक पाडून भागणार नव्हतं. पाऊस, दमट हवा, धूळ आणि जाणारी-येणारी वीज यांतून यंत्र टिकवायचं होतं. म्हणून विटांची छोटी चौकी बांधली. पडदा काचेआड, बसायची जागा आणि वरचं छप्पर मुलांच्या मापाचं, म्हणजे मोठ्या माणसानं ठाण मांडायचं म्हटलं तर त्याचीच अडचण व्हावी! मला विचाराल तर सगळ्या प्रयोगात हुशारीची गोष्ट हीच. गावात काहीही फुकटचं आलं की पहिली खुर्ची कोण धरतं, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच असं छप्पर सुचतं.

संशोधक परिमला इनामदार यांनी या मुलांना थेट आठवीची संगणकशास्त्राची परीक्षा द्यायला लावली. त्यांना अभ्यासक्रम कोणी शिकवलेला नव्हता. जे काही होतं ते चौकीवर घोळक्यानं शिकलेलं. वर्गात रीतसर शिकलेल्या मुलांच्या ती थोडीच मागे राहिली. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘करमणूक’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांना हा आकड्यांतला जबाब होता.

मग शिक्षकांना सुट्टी द्यायची का? नाही. कथेचा हा भाग भाषणांत सहसा येत नाही. संशोधक पायल अरोरा यांनी उत्तराखंडच्या अल्मोडा भागात जाऊन पाहिलं, तर तिथल्या चौक्या ओस पडलेल्या होत्या. २०१० मध्ये त्यांनी ते लिहिलं. यंत्र बिघडलं की दुरुस्त कोण करणार, वीजबिल कोण भरणार, आणि पोरांनी काही नवं दाखवलं तर ‘वा!’ म्हणणारं कोणी आहे का, हे प्रश्न मोकळेच राहिले होते.

पुढे मित्रा यांनीही आपली मांडणी बदलली. मुलं घोळक्यानं, एक मोठा प्रश्न, आणि जवळ एक मोठं माणूस. या माणसानं शिकवायचं नाही, आजीसारखं कौतुकानं बघायचं. २०१३ मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं. त्यातून ज्या मोजक्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यांतली एक फलटणला, मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात सुरू झाली.

आज आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मुलांच्या हातात घरचा मोबाइल आहे. पण तो एकेकट्याचा, मान खाली घालून बघायचा. कालकाजीत आणि कोकणात शिकणं घडलं ते एका पडद्यापुढे चार डोकी भिडल्यानं. असे पडदे शाळांत आलेही आहेत, फक्त पुष्कळदा कुलपाआड. म्हणून अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या शाळा व्यवस्थापन समित्यांना एक विनंती. पुढच्या सभेत विषय मांडा: संगणक खोलीची किल्ली कोणाकडे आहे, आणि शाळा सुटल्यावर तासभर ती मुलांना मिळेल का?