एक यंत्र, अनेक सर्व्हर : ऑपरेटिंग सिस्टीमची निवड

एका चाळींत अनेक बिऱ्हाडें सुखानें नांदावयाचीं असतील, तर पाणी, जिना व अंगण यांची वांटणी नीट असावी लागते. संगणकाच्या सृष्टींतहि हाच न्याय आहे. निकाल, ग्रंथालय व फी अशीं निरनिराळीं कामें करणारे सर्व्हर पुष्कळ संस्था एकाच यंत्रावर चालवितात. त्या सर्वांस मेमरी, प्रोसेसर व डिस्क वांटून देणारी जी व्यवस्था, तीच ऑपरेटिंग सिस्टीम होय. ऐन निकालाच्या दिवशीं ती कोसळली, तर सर्वच कामें एकदम बंद पडतात. म्हणून तिची निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

आम्हां खारघरकरांस हा विषय परका नाहीं. येथील रेल्वे स्थानकासमोरच सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेचें केंद्र आहे. याच संस्थेनें डेबियन लिनक्सच्या आधारें 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम तयार करून २००७ सालीं प्रसिद्ध केली. पनवेलनजीक २०२० सालीं योट्टा कंपनीचें मोठें डेटा सेंटरहि सुरू झालें.

पहिली कसोटी विभक्ततेची. याचे मुख्य मार्ग दोन. 'व्हर्च्युअल मशीन' म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र घर. तींत प्रत्येक सर्व्हरचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, निराळा असतो. 'कंटेनर' म्हणजे एकाच वाड्यांतील निरनिराळ्या खोल्या. गाभा सर्वांचा एकच. कंटेनरांस मेमरी थोडी लागते व ते त्वरित सुरू होतात. परंतु सामाईक गाभा बिघडला, तर सर्वच बंद पडतात. लिनक्समध्यें व्हर्च्युअल मशीनची 'केव्हीएम' ही सोय २००७ पासून, तर प्रत्येकाच्या मेमरीवर मर्यादा घालणारी 'सीग्रूप्स' ही सोय २००८ पासून आहे. फ्रीबीएसडींत तर कंटेनरासारखी 'जेल' ही योजना २००० सालींच आली होती. मर्यादा न घातल्यास एकच हांवरा सर्व्हर सगळी मेमरी गिळून इतरांस उपाशी ठेवतो.

दुसरी कसोटी आयुर्मर्यादेची. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या किती वर्षें मिळणार, हें आधीं पाहावें. सेंटओएस ८ ही सिस्टीम २०१९ सालीं आली, तेव्हां तिला २०२९ पर्यंत आधार मिळेल, अशी अपेक्षा होती. परंतु डिसेंबर २०२० मध्यें निराळी घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजीं तो आधार संपला. ज्यांनीं तिच्यावर भिस्त ठेवली होती, त्यांस एका वर्षांत बिऱ्हाड हलवावें लागलें. पुढें रॉकी लिनक्स व अल्मालिनक्स यांनीं ती उणीव भरून काढली. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीस, तसेंच उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस, सामान्यतः पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात.

तिसरी कसोटी संकटाची. पावसाळ्यांत अकस्मात् वीज गेली, तर अर्धवट लिहिलेल्या माहितीचें काय? व्यापारी जसा व्यवहार आधीं कीर्दींत टिपतो व मागाहून खतावणींत चढवितो, तशीच नोंद लिनक्सची 'एक्स्ट-४' ही फाइल-पद्धति ठेवते. म्हणून वीज परत येतांच फाइलींची मांडणी बहुधा लवकर सांवरतां येते.

राहिला खर्च. विंडोज सर्व्हरला परवान्याचें मूल्य द्यावें लागतें. तरी एखादा आवश्यक प्रोग्राम केवळ तिच्यावरच चालत असेल, तर तीच योग्य. एरवीं लहान संस्थेनें डेबियनसारखी स्थिर व निःशुल्क सिस्टीम घ्यावी, मूळ यंत्रावर अनावश्यक कांहींहि बसवूं नये, महत्त्वाचे सर्व्हर स्वतंत्र व्हर्च्युअल मशीनमध्यें ठेवावे आणि नवी दुरुस्ती प्रथम एका दुय्यम सर्व्हरवर पडताळून पाहावी. जी सिस्टीम सांभाळणारें माणूस जवळ नाहीं, ती कितीहि नामांकित असली तरी आपल्या कामाची नव्हे.

मात्र सिस्टीम कितीहि उत्तम असली, तरी डिस्क केव्हांतरी बिघडणारच. म्हणून माहितीची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर व एक दुसऱ्या इमारतींत ठेवावी, आणि त्या प्रतींवरून सर्व्हर पुनः उभा राहतो कीं नाहीं, याची वर्षांतून दोनदां तरी तालीम घ्यावी. ज्या विद्यार्थ्यांस ही विद्या शिकावयाची हौस आहे, त्यांनीं घरच्या एखाद्या जुन्या संगणकावर दोन व्हर्च्युअल मशीन चालवून पाहावीं. त्यांतील एक मुद्दाम बंद पाडलें असतां दुसरें निर्वेधपणें चालूं राहतें, हें प्रत्यक्ष पाहिलें म्हणजे वरील विवेचनाचा अर्थ आपोआप उमगेल.