अंतःकरणात ठेवलेल्या गोष्टी

प्रसूत होऊन एक रात्रही सरलेली नाही. नासरेथचे घर दूर राहिलेले, बाळ कपड्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलेले. अशा वेळी रानातले मेंढपाळ येतात आणि देवदूतांकडून ऐकलेली वार्ता सांगू लागतात. ऐकणारे सारे थक्क होतात. आई मात्र बोलत नाही. ऐकलेले तिने मनात जपले आणि त्यावर ती विचार करत राहिली, एवढेच शुभवर्तमानकार लूक नोंदवतो. बारा वर्षांनी यरुशलेमच्या मंदिरात हरवलेला मुलगा तिसऱ्या दिवशी सापडतो, तेव्हा लूक जवळजवळ हीच नोंद पुन्हा करतो.

या दोन नोंदींवरून येशूच्या आईला, मरीयेला, सोशिक, मुकाट ठरवणे सोपे आहे. पवित्र शास्त्रातल्या आयांच्या कथा एकामागून एक वाचत गेल्यावर मला वाटते, की तसे ठरवण्यात आपण या स्त्रियांवर अन्याय करतो. त्यांचे गप्प राहणे हे काम होते. आणि ते काम पुढे कृतीतून दिसले.

आधी शब्दच पाहू. लूकने पहिल्या ठिकाणी वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ आहे ‘एकत्र टाकणे’. देवदूताचे बोलणे, मेंढपाळांची वार्ता आणि डोळ्यांपुढची गव्हाणी या तीन गोष्टींचा मेळ सहज बसत नाही. ती त्या शेजारी शेजारी ठेवून पाहते आहे. दुसऱ्या ठिकाणचे क्रियापद राखण करण्याचे आहे. शिवाय इब्री परंपरेत हृदय हे केवळ भावनेचे स्थान नव्हे. माणूस विचार आणि निश्चय करतो तोही तिथेच. म्हणून आपल्या भाषांतरकारांचा ‘अंतःकरण’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. मन आणि बुद्धी दोन्ही त्यात येतात. आणि श्रवणानंतर मनन, ही पायरी तर आपल्या परंपरेला जुनीच ओळखीची आहे.

चारही शुभवर्तमाने मिळून मरीया बोलते ती अवघ्या चार प्रसंगी. मत्तय आणि मार्क यांच्याकडे तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. पण जे थोडे आहे ते वजनदार आहे. गब्रीएल दूताच्या अभिवादनाने ती गोंधळते, त्याचा अर्थ काय याचा विचार करते, मग मुलगा होणार हे ऐकून, हे कसे घडेल असे सरळ विचारते आणि त्यानंतरच होकार देते. अलीशिबेच्या घरी तर ती गाऊ लागते. सत्ताधीश आसनावरून खाली येतात, दीन वर उचलले जातात, भुकेले तृप्त होतात, असे ते गीत आहे. जिला आपण मुकी समजतो, तिच्या ओठी शुभवर्तमानातले सर्वांत धीट स्तोत्र आहे.

त्या गीताच्या मागे आणखी एक आई उभी आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना मूल नाही म्हणून सवतीची बोलणी खात होती. शिलो येथील मंदिरात ती प्रार्थना करते तेव्हा तिचे ओठ हलतात, आवाज ऐकू येत नाही. एली याजकाला ती प्यालेली वाटते! ती नम्रपणे, पण ठामपणे त्याची चूक दाखवून देते. पुढे शमुवेल जन्मतो आणि बोलल्याप्रमाणे ती त्याला मंदिराच्या सेवेत देते; तेव्हा ती गाते त्या गीताचा सूर मरीयेच्या गीतात ऐकू येतो. दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेते. मुलगा वर्षभरात किती वाढला असेल, याचा अंदाज घेत शिवलेला तो झगा मला अनेक प्रवचनांपेक्षा जास्त सांगतो.

शास्त्रातली आणखी एक आई, रिस्पा, तर पूर्ण निःशब्द आहे. शौल राजाच्या जुन्या अपराधाची भरपाई म्हणून त्याच्या वंशातले सात जण मारले जातात. त्यांत तिचे दोन मुलगे. ती खडकावर गोणपाट अंथरते आणि जवाच्या सुगीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत दिवसा पक्षी व रात्री श्वापदे हाकत प्रेतांची राखण करते. शास्त्राने तिच्या तोंडी एक शब्द घातलेला नाही. पण ती बातमी दावीद राजाच्या कानी जाते आणि त्याला अस्थी गोळा करून रीतसर पुराव्या लागतात. एका आईच्या मौनाने राजाला त्याचे कर्तव्य दाखवले.

घरातल्या घरात चालणारी श्रद्धा पाहायची तर नव्या करारातल्या तीमथ्य या शिष्याच्या घरी जावे. वडील ग्रीक, आई युनीके यहुदी, आजी लोईस. त्याचा विश्वास आधी या दोघींत होता, याची आठवण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात करून दिली आहे.

मरीयेची वाट अधिक अवघड होती. मंदिरात मुलाने दिलेले उत्तर आईवडिलांना कळले नाही, हे लूक लपवत नाही. मार्क सांगतो, की एकदा ती आणि येशूचे भाऊ बाहेर उभे राहून निरोप पाठवतात, आणि तो भोवती बसलेल्यांनाच आपली आई आणि भाऊ म्हणतो. हे ऐकताना तिला काय वाटले असेल? शास्त्र सांगत नाही. काना गावच्या लग्नात ती द्राक्षारस संपल्याचे त्याच्या कानावर घालते आणि चाकरांना त्याचे ऐकायला सांगते. शास्त्रातले तिचे ते अखेरचे बोलणे. त्यानंतर ती दिसते क्रुसापाशी उभी, आणि शेवटी यरुशलेमच्या माडीवर, शिष्यांसोबत प्रार्थनेत. सगळे कळले म्हणून ती थांबली नाही. कळत नसतानाही ती राहिली. श्रद्धेची याहून खरी व्याख्या मला ठाऊक नाही.

इ. स. ४३१ मध्ये एफेसस येथील धर्मसभेने तिला ‘देवमाता’ म्हणून मान्यता दिली. पुढे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट परंपरा तिच्या स्थानाबद्दल वेगळ्या झाल्या, तरी लूकच्या त्या दोन नोंदी दोघांच्याही आहेत. आपल्या भाषेतही ती फार पूर्वी आली. गोव्यात राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्तकथा मराठी ओवीत सांगितली. वांद्र्याच्या टेकडीवरच्या मरीयेला लोक ‘मोत माउली’ म्हणतात; सप्टेंबरात तिच्या जन्मोत्सवाच्या जत्रेला ख्रिस्ती नसलेलेही मेणबत्त्या घेऊन चढतात. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेला हे नाव परके वाटलेच नाही.

आणि पंडिता रमाबाई. त्यांना संस्कृत शिकवले ते आई लक्ष्मीबाईंनी. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, पण आईने दिलेली विद्या उरली. त्याच विद्येच्या बळावर रमाबाई पुढे इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अल्पशिक्षित बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. ग्रंथ त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला. हन्ना आणि मरीया यांच्या कथा त्यांनी मराठीत उतरवल्या, तेव्हा त्या स्वतः लेकही होत्या आणि आईही.

आपल्या घरांतही अशी अंतःकरणे आहेत. आई गप्प आहे म्हणजे तिला काही म्हणायचे नाही, असे समजू नका. या दिवाळीत तिच्याजवळ थोडा वेळ बसा आणि तिने काय काय जपून ठेवले आहे ते विचारा. लूकने मेंढपाळांची आणि मंदिरातली गोष्ट लिहून ठेवली, ती बहुधा त्याआधी एका आईने सांभाळली होती म्हणूनच.