गुणांची परदेशवाट : भंडाऱ्याच्या कारागिराने कोठून सुरुवात करावी?

भंडारा जिल्हा म्हटला की धानाची शेते, मालगुजारी तलाव आणि पितळी भांडी डोळ्यांसमोर येतात. परंतु या जिल्ह्याची आणखी एक ओळख गेल्या काही दशकांत घडत आली आहे. वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा वाहन कारखाना, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी यांच्या आधाराने येथे हाताला कसब असलेला एक तरुण वर्ग उभा राहिला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दरवर्षी बाहेर पडणारे वीजतंत्री, जोडारी, कातारी, संधाते या वर्गात भर घालीत असतात. त्यांतील काही नागपूर-पुण्याकडे जातात, तर काहींची दृष्टी आता त्याहून दूरवर लागली आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० उमेदवारांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले, आणि जर्मनीचे नाव चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागले. गावात बातमी पोहोचते ती बहुधा अर्धीच. नाव नोंदविले म्हणजे विमानात बसलो, अशी काहींची समजूत झाली. तर जर्मनीत आता गुण देऊन माणसे घेतात, तेव्हा कोणीतरी ‘गुण लावून देईल’, असे दुसऱ्या काहींना वाटू लागले. या दोन्ही समजुती खिशाला महागात पडणाऱ्या आहेत, म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडला आहे.

परदेशी कुशल कामगारांना गुण देऊन निवडण्याची पद्धत प्रथम कॅनडाने १९६७ मध्ये सुरू केली. अर्जदार कोणत्या देशात जन्मला याला तोपर्यंत फार महत्त्व होते. त्याऐवजी त्याचे शिक्षण, कसब, वय व भाषा यांना गुण देऊन बेरीज करावी, असा हा विचार होता. पुढे ऑस्ट्रेलियानेही हीच वाट धरली. कॅनडाच्या कुशल कामगार योजनेत पात्रतेसाठी १०० पैकी ६७ गुण लागतात, आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा, म्हणजे २८ गुण, एकट्या भाषेला आहे. जर्मनीने ही पद्धत बऱ्याच उशिरा, १ जून २०२४ पासून स्वीकारली. तेथे तिला ‘शांसनकार्टे’ म्हणतात. आपण तिला संधिपत्र म्हणू. हे पत्र मिळालेल्या उमेदवाराला जर्मनीत जाऊन एक वर्षापर्यंत नोकरी शोधता येते. या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची, तसेच एखाद्या मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणीदाखल काम करण्याची मुभा असते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्याच्या हाती जर्मन मालकाचा नोकरीचा करार आहे, त्याला गुणांची गरजच नसते. त्याचा परवाना वेगळ्या कलमाखाली येतो. ज्याच्या प्रशिक्षणाला जर्मनीत पूर्ण मान्यता मिळाली आहे, त्यालाही संधिपत्रासाठी गुण मोजून दाखवावे लागत नाहीत. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही आणि जो तेथे जाऊन काम शोधू इच्छितो, त्याच्यासाठी ही गुणांची वाट आहे.

या वाटेला दोन दरवाजे आहेत आणि आपल्याकडील उमेदवारांची फसगत होते ती पहिल्याच दरवाजाशी. गुण मोजण्यापूर्वी एक अट पुरी करावी लागते. उमेदवाराने पदवी तरी घेतलेली असावी किंवा त्याच्या स्वतःच्या देशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे व्यवसाय प्रशिक्षण तरी पूर्ण केलेले असावे. आता आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे पाहा. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, यंत्र कारागीर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. संधाता आणि नळ कारागीर हे एक वर्षाचे. म्हणजे उत्तम हात असलेला, दहा वर्षे कारखान्यात सांधकाम केलेला संधाता केवळ त्या एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर या दरवाजातून आत जाऊ शकत नाही, आणि त्याच्याहून कमी अनुभवाचा जोडारी जाऊ शकतो. हा न्याय आहे की नाही हा प्रश्न वेगळा. नियम असा आहे, आणि तो भाषेच्या वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी समजलेला बरा. प्रशिक्षण शासनमान्य असल्याची खात्री बॉन येथील परदेशी शिक्षणविषयक केंद्रीय कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. याखेरीज जर्मन भाषेची ए-१ ही पहिली पायरी अथवा इंग्रजीची बी-२ ही पायरी उत्तीर्ण असणेही आवश्यक असते.

हा दरवाजा ओलांडल्यानंतर किमान सहा गुण लागतात. प्रशिक्षणाला जर्मनीत अंशतः मान्यता मिळाली असेल तर एकदम चार गुण मिळतात. आपल्या व्यवसायातील गेल्या सात वर्षांपैकी पाच वर्षांच्या अनुभवाला तीन, तर गेल्या पाच वर्षांपैकी दोन वर्षांच्या अनुभवाला दोन गुण आहेत. वय पस्तिशीच्या आत असल्यास दोन आणि पस्तीस ते चाळीस असल्यास एक. जर्मन भाषेच्या ए-२ पायरीला एक, बी-१ ला दोन आणि बी-२ व त्यापुढे तीन. इंग्रजी सी-१ पायरीची असल्यास एक गुण वेगळा. पती-पत्नी दोघेही पात्र असून एकत्र अर्ज करीत असतील, तर त्याचाही एक गुण धरला जातो.

मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायालाही एक गुण आहे. पण येथे जपून राहावे. जर्मनीत वीजतंत्र्यांची चणचण आहे हे ऐकून पुष्कळ जण हा गुण आपल्या खात्यात धरून चालतात. कायद्यातील या यादीत प्रामुख्याने अभियंते, वैद्यक, परिचर्या, अध्यापन व संगणक या क्षेत्रांतील व्यवसाय आहेत. बाजारातील टंचाई आणि यादीतील टंचाई एकच नव्हे.

समजा, साकोली तालुक्यातील एक सव्वीस वर्षांचा वीजतंत्री आहे. दोन वर्षांचे प्रशिक्षण आहे, त्यानंतर तीन वर्षे कारखान्यात नोकरी झाली आहे आणि जर्मनची ए-१ परीक्षा तो उत्तीर्ण आहे. वयाचे दोन व अनुभवाचे दोन मिळून चार गुण झाले. ए-१ ने दरवाजा उघडला, पण गुण शून्य. त्याला दोन गुण हवेत. आणखी दोन वर्षे नोकरी केली तर अनुभवाचा एक गुण वाढेल, तरीही एक कमीच पडेल. तोच जर बी-१ पायरी गाठेल, तर सहा गुण पूर्ण होतात. अनुभवाला काळ लागतो आणि वय तर आपल्या हाती नसतेच; भाषा मात्र लाखनीत किंवा पवनीत बसूनही वाढविता येते. म्हणून ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने पैसा आणि वेळ प्रथम भाषेवर खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

किती वेळ? गोएटे संस्थेच्या अंदाजानुसार अगदी प्रारंभापासून बी-१ पर्यंत पोहोचण्यास पाऊण-पाऊण तासाच्या साधारणपणे ३५० ते ६५० तासिका लागतात. तीन महिन्यांत बी-१ ची हमी देणाऱ्या जाहिरातीसमोर हा आकडा ठेवून पाहावा. दुसरीकडे, घाबरून जाण्याचेही कारण नाही. जर्मनमध्ये नामांना तीन लिंगे आहेत, म्हणून इंग्रजी जाणणारे कपाळाला हात लावतात; आपल्याला तो, ती, ते यांची सवय जन्मापासूनच आहे. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, हेही मराठी कानाला परके वाटू नये. शिवाय घरी झाडीबोली बोलणारा येथील मुलगा शाळेत पुस्तकी मराठी, पुढे हिंदी व इंग्रजी शिकलेला असतो. भाषा शिकण्याची त्याला सवय नाही असे कोणी म्हणू नये. परीक्षा मात्र मान्यताप्राप्त संस्थेचीच द्यावी. मुंबई व पुणे येथील मॅक्सम्युलर भवनात अशा परीक्षा होतात. खाजगी वर्गाने स्वतः छापून दिलेले प्रमाणपत्र या कामी उपयोगी पडत नाही.

अनुभवाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. आपल्याकडे अनेक तरुण कंत्राटदारामार्फत कामावर असतात. काम खरे, घाम खरा, पण कागद नाही. परदेशातील अधिकारी कागदच पाहणार. त्यामुळे नोकरी सोडताना नव्हे, तर नोकरीत असतानाच पदनाम, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि प्रारंभ-समाप्तीच्या तारखा असलेले पत्र मागून घ्यावे. वेतनपत्रके जपावीत. भविष्यनिर्वाह निधीची नोंद हा तर उत्तम पुरावा, कारण ती मालकाच्या मर्जीवर पुन्हा लिहिली जात नाही. अनुभव आपल्या प्रशिक्षणाशी संबंधित असला पाहिजे. वीजतंत्र्याने धान गिरणीत हमालीचे काम केलेले दोन हंगाम येथे मोजले जात नाहीत.

नावाचेही असेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, व्यवसाय प्रमाणपत्रावर शेवटी, कोठे वडिलांचे नाव पूर्ण तर कोठे नुसते आद्याक्षर, अशी आपल्याकडील रीत. येथे कोणी अडत नाही, परदेशी कचेरीत मात्र तीन माणसांची कागदपत्रे आल्यासारखे वाटते. नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाकडे अर्ज करण्यापूर्वीच सर्व कागदांवरील नाव जुळवून घेतले, तर पुढचे कित्येक महिने वाचतात.

आता पैशाकडे वळू, कारण घरची जमीन पणाला लागते ती येथे. संधिपत्रासाठी निर्वाहाची तजवीज दाखवावी लागते. २०२५ या वर्षी ही रक्कम दरमहा १,०९१ युरो होती. बारा महिन्यांचे १३,०९२ युरो, म्हणजे त्या वर्षअखेरच्या दराने तेरा लाख रुपयांहून अधिक. ही रक्कम शुल्क नव्हे. ती उमेदवाराच्याच नावे अवरुद्ध खात्यात राहते आणि तेथे पोहोचल्यावर दरमहा त्याला मिळते. ती ‘आमच्याकडे भरा’ असे सांगणाऱ्यापासून तत्काळ दूर व्हावे. पण रक्कम स्वतःची असली तरी नोकरी न मिळाल्यास वर्षभरात ती संपून जाते हेही तितकेच खरे. दोन-तीन एकर धानाच्या शेतीवर कर्ज काढून ही जोखीम घ्यावी, असा सल्ला आम्ही कोणास देणार नाही.

अशा कुटुंबातील तरुणाने येथूनच मालक शोधून करार करण्याची वाट आधी पडताळावी. मार्च २०२४ पासून अशी तरतूद आहे की, दोन वर्षांचे प्रशिक्षण, नोकरीचा करार आणि जर्मनची ए-२ पायरी एवढ्यावर उमेदवार तेथे जाऊन नोकरी करतो आणि प्रशिक्षणाची मान्यता मालकाच्या साहाय्याने तेथेच पूर्ण करून घेतो. संधाता किंवा नळ कारागीर असलेल्या एका वर्षाच्या प्रमाणपत्रधारकाला तेथील शिकाऊ उमेदवारीची वाट खुली आहे. तिला सर्वसाधारणपणे बी-१ जर्मन लागते आणि दोन ते साडेतीन वर्षे पुन्हा शिकण्याची तयारी असावी लागते. पण त्या काळात मालकाकडून दरमहा विद्यावेतन मिळते.

परिचारिकांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचा व्यवसाय तेथे नियंत्रित असल्याने मान्यतेशिवाय काम करता येत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ही मान्यता स्टुटगार्टच्या प्रादेशिक प्रशासनाकडून मिळते. अभ्यासक्रमात काही उणीव असल्याचा निर्णय आला तर मुली निराश होतात. वास्तविक तो निर्णय म्हणजेच अंशतः मान्यता, आणि तिचे चार गुण आहेत. पस्तिशीच्या आतील परिचारिकेचे सहा गुण तेथेच भरतात. मात्र परवाना घेऊन रुग्णसेवा करण्यास बी-२ जर्मन लागतेच.

मध्यस्थांविषयी थोडेसे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याने १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी केलेली असावी लागते, आणि उमेदवाराकडून त्याला अधिकात अधिक ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याने रीतसर पावती दिली पाहिजे. नोंदणी खरी की खोटी हे केंद्र शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ या सेवेवर कोणालाही पडताळता येते. भंडाऱ्यातून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.