उधन्याच्या अगाशीवरून सोळा वर्षे

२२ जुलै २००९. आषाढातली अमावस्या, दिव्यांची अवस. घरोघरी समया घासायला निघायच्या त्या सकाळी एकविसाव्या शतकातले सर्वांत लांब खग्रास सूर्यग्रहण होते, आणि चंद्राची सावली भारतात शिरणार होती ती खंबातच्या आखाताकडून, म्हणजे आमच्याच पट्ट्यातून. पुढे भोपाळ, वाराणसी, पाटणा करत ती चीनकडे जाणार. आम्ही पहाटे पाचपासून अगाशीवर. सुरतेत गच्चीला अगाशी म्हणतात. खानदेशातून इथे आलेल्या आम्हा लोकांच्या तोंडीही आता तोच शब्द आहे.

आभाळ गच्च भरलेले. सूर्य दिसलाच नाही. पण सहा वीसच्या सुमारास पश्चिमेकडून काळोख चालून आला आणि पाहता पाहता डोक्यावरून गेला. उजाडलेले पुन्हा मावळले. कावळे गप्प झाले. समोरच्या टपरीवाल्याने बल्ब लावला. तीन मिनिटांहून थोडी जास्त ती रात्र टिकली, मग ढगांची कड पांढरी झाली. "काहीच नाही दिसलं," म्हणत लोक खाली उतरले. माझे अंग मात्र शहारले होते. सूर्य नाही दिसला, पण चंद्राच्या सावलीत मी उभा राहिलो होतो. आकाशाचे वेड मला लागले ते तिथून.

सुरतेतला आमचा उधना म्हणजे लूमची खाती, कापड विणणारे कारखाने, आणि पांडेसऱ्याकडच्या प्रोसेस मिलांची धुराडी. इथून आकाशगंगा दिसत नाही. पण गुरू दिसतो, शनी दिसतो, चंद्र तर दिसतोच. मी १० बाय ५०ची दुर्बीण घेतली, तेव्हा वेगळीच अडचण निघाली. आमच्या खाली खाते. मशीन चालू असले की सगळी अगाशी थरथरते आणि गुरूचे चार चंद्र दुर्बिणीत नुसते नाचतात. कठड्याला टेकावे तर जास्तच. वीज गेली की खालचा खडखडाट थांबे आणि ते चारही ठिपके गुरूच्या बाजूला एका रेषेत शांत उभे राहत. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले तेच चंद्र. लोक वीज आल्यावर खूश होतात, मी गेल्यावर व्हायचो.

२४ सप्टेंबर २०१४ला मंगळयान पहिल्याच प्रयत्नात मंगळाभोवती फिरू लागले. मग २२ जुलै २०१९ला, आमच्या ग्रहणाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, चांद्रयान-२ उडाले. ७ सप्टेंबरच्या पहाटे, त्यातले विक्रम चंद्रावर उतरणार होते तेव्हा, रातपाळीचे कारीगर माझ्या मोबाइलभोवती जमले. खात्यात आवाज ऐकू येतच नाही, आम्ही नुसता यानाच्या उतरणीचा आलेख पाहत होतो. दोनला दहा कमी असताना रेघ ढळली. चंद्र २.१ किलोमीटरवर येईपर्यंत सारे ठीक होते, मग संपर्क तुटला. कोणी काही बोलले नाही. लूमच्या बीमकडे परत जाताना एकाने खांद्यावर हात ठेवला, एवढेच.

२०२०चा एप्रिल विसरता येत नाही. टाळेबंदीत खाती बंद, धुराडी बंद. कारीगर खोल्यांत अडकलेले, गावी जायला गाडी नाही, हातात पगार नाही. त्या दिवसांत पश्चिमेला शुक्र असा तळपत होता की लोक विचारायचे, हे विमान का हलत नाही? ३ एप्रिलला तो कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरला. अगाशी पहिल्यांदाच निश्चल होती. अंतर राखून, एकेकाला बोलावून, मी दुर्बीण हाती दिली. इतके स्वच्छ आकाश उधन्यावर मी पुन्हा पाहिले नाही, आणि ते ज्या किमतीला मिळाले त्या किमतीला पुन्हा नकोही.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनी आगीचे गोळे जाताना पाहिले. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. उल्का की यान, असे फोन गावाकडून रात्रभर येत होते. चिनी रॉकेटचा तो जळता भाग होता, हे समजावताना माझा घसा बसला.

आणि २३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३साठी इस्रोने चुकांचा हिशेब मांडून उतरण्याची जागा ५०० मीटरच्या चौकोनावरून ४ बाय २.४ किलोमीटर केली होती, यानाचे पाय मजबूत केले होते. संध्याकाळी सहाच्या आधी कारीगरांनी स्वतःहून मशीन थांबवले. मीटरवर मजुरी घेणारा माणूस मशीन थांबवतो तेव्हा खिशातलेच देतो. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम चंद्रावर उतरले. त्या दिवशी खात्यात आवाज होता तो माणसांचा.

२० मे २०२५ला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तर सहीनिशी देत. माझा प्रश्न २००९पासून मनात होता. पोस्टकार्ड घ्यायचे राहून गेले. महिनाभराने, २५ जूनला, भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकाकडे निघाले. नारळीकरांनी ते पाहायला हवे होते.

२ ऑगस्ट २०२७ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळाच असेल, ढगही असतील. तरी ग्रहणाचे चष्मे आधी आणून ठेवा, उघड्या डोळ्यांनी पाहू नका आणि पोरांना घरात कोंडू नका. उधन्यात असाल तर आमच्या अगाशीवर या.